मुलगा म्हणतो, मी परंपरावादी

‘सर, आम्ही पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, सासूबाई विड्या वळायच्या. मोठी मुलगी बी.कॉम. झाली. तिला पुण्यात नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. धाकटा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वर्षभरापासून त्याचं काहीतरी वेगळंच चाललंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर इंग्रजी भाषणं ऐकतो. म्हणतो, मी परंपरावादी आहे. लोकशाहीनं वाटोळं केलं, राजाच पाहिजे, बाईनं घर सांभाळावं हीच खरी संस्कृती. कपाटाच्या दारावर कागद चिकटवलाय, त्यावर बर्क, मेस्त्र, गेनाँ, एव्होला, स्क्रूटन अशी नावं आणि सगळ्यात खाली लोकमान्य टिळक. ताईच्या नोकरीवरून रोज भांडण. “आपल्या घरात असं कधी झालं नाही,” म्हणतो. मिस्टर चिडून म्हणतात, फोनच फोडून टाकतो. आम्ही सण-वार सगळं करतो सर, मार्कंडेयाचा रथ कधी चुकवत नाही, पण असं बोलायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. हा काय प्रकार आहे? त्याला कुणा समुपदेशकाकडे न्यावं का?
– एक आई, सोलापूर’

ताई, नमस्कार.

आधी मुलीचं, कारण ते सोपं आहे. तिनं ठरल्या तारखेला पुण्यात हजर व्हावं. तुम्ही दोघांनी एकदा जेवताना, आवाज न चढवता सांगून टाका की ती जाणार आहे, हे ठरलं. धाकट्याचं म्हणणं ऐकून घेतलं, आता त्यावर रोज पंचायत बसणार नाही. राजा हवा की नको यावर त्याला हवा तितका वाद घालू दे. बहिणीची नोकरी मात्र त्या वादात ओढू देऊ नका. पोरीनं परीक्षा दिली, मुलाखत दिली, निवड झाली. तिचं जाणं आता भावाच्या वाचनावर अडून राहायचं कारण नाही.

आणि फोन फोडू नका. नवा घेऊन द्यावा लागेल, शिवाय वडील हरले असं त्याला वाटेल ते वेगळंच.

आता त्याच्या कागदाबद्दल. मला तो कागद वाचून हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. पोरगा रील बघत पडलेला नाही, दोनशे-सव्वादोनशे वर्षं चाललेल्या एका मोठ्या भांडणात त्यानं नाक खुपसलंय. घोळ इतकाच की जी माणसं एका पंगतीला बसली नसती त्यांना त्यानं एका कागदावर बसवलंय. तुम्ही त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्या माणसांनाच एकमेकांशी भांडू द्या. त्यासाठी लागेल तेवढं सांगतो.

पहिलं नाव एडमंड बर्क. हा डब्लिनमध्ये १७२९ साली जन्मलेला आयरिश माणूस, इंग्लंडच्या पार्लमेंटात बसायचा. फ्रान्सची क्रांती १७८९ ची. पुढच्याच वर्षी, राजाचं डोकं उडायला अजून दोन वर्षं होती तेव्हा, यानं पुस्तक लिहून सांगितलं की हे प्रकरण रक्तापर्यंत जाईल आणि शेवटी कुणातरी सेनापतीच्या हाती पडेल. पुढं नेपोलियन आला. बर्कचं म्हणणं असं, की समाज म्हणजे आज जिवंत असलेल्यांनी आपसात केलेला सौदा नव्हे. गेलेले, असलेले आणि अजून जन्मायचे असलेले अशा सगळ्यांचा तो भागीदारीतला व्यवहार आहे. एका पिढीनं उठून सगळंच पाडायला घ्यायचा तिला हक्क नाही. परंपरावादी राजकारणाचा पाया म्हणतात तो हाच.

पण हाच बर्क अमेरिकेतल्या वसाहतींच्या तक्रारी खऱ्या आहेत म्हणून इंग्लंडच्या सरकारशी भांडला. आयर्लंडमधल्या कॅथलिकांवरचे जाचक कायदे काढा म्हणाला. आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेला वॉरन हेस्टिंग्ज, त्याच्यावर त्यानं महाभियोग चालवला. तो खटला १७८८ ते १७९५ चालला, हेस्टिंग्ज सुटला, तरी बर्क मागं हटला नाही. हिंदुस्थानातल्या लोकांना त्यांचे जुने कायदे आहेत, घराणी आहेत, देवस्थानं आहेत, आणि कंपनी ते सगळं लुटते आहे, हे तो लंडनमध्ये उभं राहून सांगत होता. त्याचा परंपरावाद दांडग्याला आवर घालण्यासाठी होता. राजा त्यालाही हवा होता, पण पार्लमेंटनं बांधलेला. ज्या राज्याला बदलायची सोय नाही त्याला टिकायचीही सोय नाही, हेही त्यानंच त्याच पुस्तकात लिहून ठेवलंय. मुलाला विचारा, हे वाक्य त्या भाषणांत आलं का?

हे कळायला लांब जायला नको. आपली गड्ड्याची यात्रा बघा. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती काठी तोलत अडुसष्ट लिंगांना जातात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. बाराव्या शतकातल्या माणसाच्या नावानं हे चाललंय. कुठल्या काठीचा मान कुणाचा हे ठरलेलं आहे, आणि त्यात शेवटच्या काठ्यांचा मान मातंग समाजाकडे आहे. यात सगळ्यांना जागा दिली असं कुणी म्हणेल, शेवटचीच का दिली असं दुसरा विचारेल. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्ही विचारणारे अक्षतेला हजर असतात. करोनात, २०२१ साली, गर्दी टाळून मोजक्या मानकऱ्यांत विधी झाले. त्यानं यात्रा बुडाली नाही. मोडायचं नाही म्हणून वाकवलं. बर्कला कळलं असतं हे.

दुसरं नाव जोसेफ द मेस्त्र. हा सार्डिनियाच्या राज्यातल्या सव्हॉयचा सरदार. १७९२ मध्ये फ्रेंच फौजा त्याच्या मुलखात घुसल्या आणि याला घरदार सोडून पळावं लागलं. पुढं सार्डिनियाच्या राजाचा वकील म्हणून त्यानं पीटर्सबर्गला झारच्या दरबारात वर्षानुवर्षं काढली. याचा सूर बर्कहून फार वेगळा. बर्कला डागडुजी मान्य होती. मेस्त्रच्या मते क्रांती ही देवानं दिलेली शिक्षा होती, माणूस मुळात पापी आणि त्याला आवरायला सिंहासन, चर्च आणि फाशी देणारा जल्लाद हवाच. जल्लादावर त्यानं जे लिहिलंय ते रात्री दोन वाजता ऐकू नये इतकंच मी सांगतो. लिहायचा मात्र झकास. आयुष्यात मी फ्रेंच पाहिले, इटालियन पाहिले, रशियन पाहिले, पण नुसता ‘माणूस’ काही मला कुठं भेटला नाही, अशा अर्थाचं त्याचं बोलणं मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही वर बघायची. त्याच्याच बाजूचा बोनाल्द, त्यानं पुढाकार घेऊन १८१६ साली फ्रान्समध्ये घटस्फोट बंद करवला. तो परत यायला १८८४ उजाडलं. मधल्या अडुसष्ट वर्षांतल्या बायकांनी काय काढलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

राजा हवा म्हणणाऱ्यांचा पुढचा घोळ स्पेनमध्ये झाला. १८३३ साली राजा मेला, मागं लहान मुलगी. मुलगी गादीवर बसेल की राजाचा भाऊ, यावर देश फुटला. भावाच्या बाजूचे ते कार्लिस्ट. देव, देश, राजा आणि गावागावांचे जुने हक्क, असं त्यांचं मागणं. गावाच्या हक्कांसाठी ते जीव तोडून लढले, बाईला गादी नको म्हणूनही लढले, तीन युद्धं झाली, हरले. म्हणजे ‘राजा पाहिजे’ म्हटलं की प्रश्न सुटत नाही, ‘कोणता राजा’ इथून सुरू होतो.

गेनाँ आणि एव्होला ही नावं वेगळ्याच खात्यातली. गेनाँ राजकारणी नव्हताच, सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच आद्य ज्ञान आहे असं मानणारा फ्रेंच गूढवादी. तो १९३० मध्ये कैरोला गेला, मुसलमान म्हणून जगला आणि तिथंच वारला. हे तुमच्या मुलाला माहीत आहे का हे विचारायला हरकत नाही. एव्होला मात्र फॅसिझमच्या गोटात वावरलेला इटालियन. या नावाकडे लक्ष ठेवा, त्याबद्दल पुढं सांगतो. आणि स्क्रूटन परवापरवाचा, २०२० साली गेला. घर, गाव, आपली माती यांवरची माया म्हणजेच परंपरावाद असं सांगणारा. त्या कागदावर तुमच्या घराच्या सगळ्यात जवळचा तोच.

एक नाव त्या कागदावर नाही आणि असायला हवं होतं, विशेषतः सोलापुरात. रिचर्ड ओस्टलर. हा इंग्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी, कट्टर टोरी, म्हणजे तिथल्या परंपरावादी पक्षाचा, राजा आणि चर्च म्हणजे जीव की प्राण. १८३० मध्ये यानं वर्तमानपत्रात पत्र लिहून लोकरीच्या गिरण्यांत लहान पोरं तेरा-तेरा तास राबतात हे चव्हाट्यावर आणलं. गुलामी बंद करा म्हणून सभा घेणारे आपल्या यॉर्कशरमधली गुलामी बघत नाहीत, असा त्याचा टोला होता. पुढं लॉर्ड ॲशली वगैरे मंडळींनी पार्लमेंटात लावून धरलं आणि १८४७ साली बायका आणि अठरा वर्षांखालच्या पोरांना कापडगिरण्यांत दहा तासांपेक्षा जास्त काम नाही असा कायदा झाला. विरोध कुणाचा? जॉन ब्राइटसारख्या उदारमतवादी गिरणीमालकांचा. बाजाराला मोकळं सोडा म्हणणारे ते, आणि बाजार घरं मोडतो म्हणून त्याला वेसण घाला म्हणणारे हे परंपरावादी. एका देशात श्रीमंतांचं एक आणि गरिबांचं एक अशी दोन राष्ट्रं राहतात, असं १८४५ मध्ये कादंबरीतून मांडणारा डिझरेली याच टोरी पक्षाचा. तो पंतप्रधान असताना १८७५ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा आणि कामगारांच्या घरांचा कायदा झाला.

आपली जुनी गिरणी १८७७ ची. भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं गाव होतं हे. तुमच्या मिस्टरांना पाळी किती तासांची, कट-कट आवाजानं कान किती गेले, रुईनं छाती किती भरली, हे त्या पोरानं कधी विचारलंय? ओस्टलरनं विचारलं असतं. परंपरा म्हणून कुटुंब वाचवायचं असेल तर बाप दिवसाचे किती तास घरी असतो इथून सुरुवात करावी लागते, बहिणीच्या नोकरीपासून नव्हे.

आता टिळक. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतिवय दहावरून बारा करणारा. टिळकांनी विरोध केला हे खरं. पण परक्या सरकारनं आमच्या घरात कायद्यानं शिरू नये, असा त्यांचा मुद्दा होता. आणि त्याच वादात त्यांनी सुधारकांना सुचवलं होतं की आपणच आधी लेखी बांधून घेऊ, मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करायचं नाही. म्हणजे कायद्याच्या बाराच्याही पुढं. मला विचाराल तर तेव्हा कायदा हवाच म्हणणाऱ्या आगरकरांचं बरोबर होतं. कारण लेखी बांधून घेण्याची वाट बघेपर्यंत पोरींचं आयुष्य जातं. पण टिळकांचं नाव चिकटवून बहिणीला कोंडायचं असेल, तर टिळकच आडवे येतील. आणि गंमत म्हणजे कायद्याच्या बाजूनं उभे राहिलेले भांडारकर तरी काय घेऊन आले? शास्त्रवचनंच. आपल्याकडे सुधारणेची गाडीही जुन्या पोथीतूनच जायची.

पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर. मेल्यावरही ते बाहेरच. मे १९४७ मध्ये साने गुरुजी आमरण उपोषणाला बसले, तेव्हा कुठं विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. त्या दिवसांत दोन्ही बाजू परंपरेचंच नाव घेत होत्या. बडव्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता, कागद होते. गुरुजींकडे संतांची वाणी होती, तीही शतकांची. बडवे-उत्पातांचे हक्क काढणारा कायदा १९७३ चा, सुप्रीम कोर्टात त्याचा शेवटचा निकाल २०१४ मध्ये लागला. त्या चाळीस वर्षांत वारी एकदाही कमी झाली का? उलट वाढली. तुमच्या मुलाला कुणी अजून हे सांगितलेलं दिसत नाही की परंपरा एकवचनी नसते. तिच्यातही भांडण असतं आणि त्या भांडणात कुठल्या बाजूला उभं राहायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, त्याचा जबाब आजोबांवर ढकलता येत नाही.

बाबासाहेबांचं एक सांगतो, कारण ते तुमचा मुलगा ऐकेल. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेलं, करूच न दिलेलं आणि १९३६ साली त्यांनी स्वतः छापलेलं जातिनिर्मूलनाचं भाषण. जातीवर घाव घालणारं इतकं कठोर लिखाण दुसरं नसेल. त्यात बर्कचा आधार घेतलाय. खरा धर्म हा समाजाचा पाया असतो, या बर्कच्या म्हणण्याशी मी सहमत आहे असं ते लिहितात. आणि त्याच भाषणात आपले गुरू ड्यूई यांच्या आधारानं सांगतात की आहे ते सगळं जसंच्या तसं पुढच्या पिढीच्या हाती देणं हे समाजाचं काम नाही. चांगलं तेवढं द्यायचं. बर्क असा वाचायचा.

आता “आपल्या घरात असं कधी झालं नाही” या वाक्याकडे येऊ. ते साफ खोटं आहे, ताई. तुमच्या सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, दोरा दाताखाली नाहीतर बोटाला, बोलणं एकीकडे आणि हात एकीकडे. मग ते कारखान्यात नेऊन द्यायचं, खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे कापून घ्यायचे, उरलेल्यात घर चालवायचं. त्याआधी हातमागाच्या दिवसांत तुमच्या घरातल्या बायका कांड्या भरत असणार. बाईनं भरल्याशिवाय बाप्याचा माग चालत नसे. पूर्व भागात बाई नुसती घर सांभाळत बसली, असं कुठल्या पिढीत झालं? ती कल्पना त्यानं कुण्या परदेशी दिवाणखान्यातून उचललीय. आणि घर सोडून पोटासाठी लांब जाणं म्हणाल, तर तुमचे पूर्वज तेलंगणातून सोलापूरला कसे आले? माग पाठीवर नव्हता, हातात कसब होतं. पोरगी आज तेच करते आहे, फक्त सोलापूरहून पुण्याला.

हे तुम्ही सांगू नका. आजीला सांगू द्या. एक दुपार त्याला आजीजवळ बसवा आणि विचारायला लावा: किती वर्षांची असताना सुरू केलं, दिवसाला किती व्हायच्या, पैसे कुणाच्या हातात यायचे, निर्णय कोण घ्यायचं. तिच्या तोंडून तेलुगूत ऐकेल ते वेगळं.

एक गोष्ट मला पत्रातून दिसली, चुकत असेन तर सोडून द्या. त्याला बाईच्या नोकरीची अडचण आहे की बहीण चालली याची? यंत्रमाग बंद पडताहेत, वर्गातले मित्र एकेक करून पुण्याचा रस्ता धरताहेत, सोलापुरात काय उरणार हे बी.ए.च्या पोराला दिसत नाही, आणि त्यात घरातली ताई निघाली. बर्कनं, मेस्त्रनं लिहिलं तेही काहीतरी डोळ्यांदेखत चाललं होतं म्हणून. ही भीती खोटी नाही, फक्त तिचा रोख बहिणीवर नको. जायच्या आधी ताईनं त्याला घेऊन एखाद्या संध्याकाळी कंबर तलावावर जावं, वाद न घालता. शनिवारी-रविवारी इंटरसिटीनं येईन, नारळी पौर्णिमेला रथाला येईनच, असं तिनं सांगितलं तर त्याचा अर्धा परंपरावाद ओसरेल असा माझा अंदाज आहे.

उरलेला अर्धा ओसरू नये, असंही मला वाटतं. त्याला कामाला लावा. मार्कंडेयाच्या रथाच्या दिवशी मिरवणुकीत मिरवायला नव्हे, आधीच्या आठवड्यात जे राबतात त्यांच्याबरोबर पाठवा. वडिलांबरोबर एक पाळी कारखान्यात उभं राहू द्या, चादरीवरची जॅकार्डची नक्षी भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून कशी उतरते ते बघू द्या. बर्क पुरा वाचू द्या, तुकड्यातुकड्यांनी ऐकू नको म्हणा. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा, नाहीतर माझ्याकडचं पुस्तक घेऊन जा. आणि लोकशाहीनं वाटोळं केलं म्हणत असेल तर चार पुतळ्यांपाशी त्याला थोडं थांबवा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान. मे १९३० मध्ये या गावात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात हे चौघे फासावर गेले. राजाचं राज्य नको म्हणून. सोलापूरची परंपरा मोजायची तर हीही मोजावी लागेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. मतांसाठी समुपदेशक लागत नाही. विसाव्या वर्षी ठाम मतं असणं हा आजार नव्हे, आणि तुम्ही त्याला तिथं नेलंत तर माझ्या विचारांना घरचे वेड म्हणतात, असं तो धरून बसेल. पण झोप अशीच उडालेली राहिली, कॉलेज सुटलं, जेवणखाण तुटलं, तर मतांचा विषय न काढता डॉक्टरांकडे न्या. आणि एव्होलाबद्दल म्हणालो ते हे: वाद पुस्तकांवरून माणसांवर आला, अमुक जातीचे, अमुक धर्माचे लोक माणसंच नाहीत असं बोलणं सुरू झालं, कुणा अनोळखी ग्रुपवरून भेटायला बोलावणी यायला लागली, बहिणीवर किंवा तुमच्यावर हात उचलायची भाषा आली, तर मग ‘वय आहे, होईल ठीक’ म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवशी वडिलांनी, मामांनी, ज्या कुणाला तो मानतो त्यानं समोर बसून स्पष्ट बोलायचं. तोवर कागद कपाटावर राहू द्या. ओस्टलरचं नाव तेवढं त्यात घालायला सांगा, आणि घातलं की कोण हा ओस्टलर म्हणून तुम्हाला समजावून सांगायला लावा.